अंबरनाथला चालून जाईल

अंबरनाथ,
१७ ऑगस्ट १९९५

चंदर,

आधीची पत्रं तुला मिळाली नसतील असं धरून पुन्हा लिहिते. इंदूरच्या तुझ्या ऑफिसात फोन केला की कोणीतरी उचलतं, "साहब टूर पे हैं" म्हणतं आणि ठेवून देतं. मी बहीण बोलतेय म्हटलं तरी तेच.

तू आमच्या हॉस्पिटलला दिलेल्या एक्स-रे मशीनबद्दल लिहायचं आहे. टीव्हीवरचं चित्र पुन्हा धुरकट यायला लागलंय. मनगट, घोटा असला तर भागतं. मांडीचं हाड किंवा खुबा असला की कडाच दिसत नाहीत, सगळं दुधात बुडवल्यासारखं. गेल्या दिवाळीआधी तू येऊन आत काहीतरी फिरवून गेलास, त्यानंतर काही महिने चित्र लख्ख होतं. तसंच काही करायचं असेल तर एक दिवस काढून ये. नाहीतर काय फिरवायचं ते कळव.

दुसरं, गुप्ते डॉक्टरांची बोटं. डाव्या हाताचं पहिलं बोट आणि अंगठा यांची कातडी सुकून तडकली आहे. नखांवर उभ्या रेघा आल्यात, नख काळं पडून तुटतं. पहिल्या बोटाला एक चीर पडली आहे ती भरतच नाही. आधी त्यांना वाटलं साबणाने होतंय, मग वाटलं ग्लोव्हजच्या पावडरीने. परवा ते कल्याणच्या कातडीच्या डॉक्टरकडे जाऊन आले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "तुम्ही किरणांत हात घालता का?"

आता हाडाचा डॉक्टर किरणांत हात घालणार नाही तर कोण घालणार? हाड जागेवर बसवताना पाय धरून ठेवावाच लागतो. पण मी जे.जे.ला शिकले तेव्हापासून ऐकत आले की मशीन ठीक असलं तर एवढ्या थोड्या वर्षांत असं होत नाही. म्हणून तुला विचारते आहे. मशीन ठीक आहे ना?

मला तो सगळा काळ आठवतो आहे. तू आमच्या डार्करूमच्या दारात उभा राहून म्हणायचास, "ताई, प्लेटचा जमाना गेला." खुब्याच्या ऑपरेशनला मी एक्स-रेची एक प्लेट काढायची, डार्करूममध्ये धावायची, ओली फिल्म चिमट्यात धरून ठिबकत ठिबकत थिएटरात न्यायची. डॉक्टर उजेडावर धरून बघायचे, हाडात घातलेली तार थोडी सरकवायचे, पुन्हा प्लेट. पेशंट तोवर भुलीत. तू म्हणायचास, सी-आर्म घ्या, अर्धगोल हात आहे, एका टोकाला किरणांची ट्यूब, दुसऱ्या टोकाला चित्र पकडणारा ड्रम, मध्ये पेशंट. पायाने स्विच दाबला की हाड टीव्हीवर. "बाहेरच्या देशात नवीन मॉडेल आलं की जुनी मशीनं निघतात. आता सरकारने आयात सैल केली आहे, जहाजं भरून माल मुंबईत उतरतोय. दोन वर्षांत सी-आर्म नसलेलं हॉस्पिटल बंद पडेल बघ."

डॉक्टर तुझं ऐकत नव्हते. मशीन हाड बसवत नाही, हात बसवतात, असं म्हणायचे. मग उल्हासनगरच्या एका हॉस्पिटलने सी-आर्म घेतलं आणि रस्त्यावर बोर्ड लावला, 'टीव्हीवर पाहून हाडांचे ऑपरेशन'. एमआयडीसीतले ठेकेदार जखमी कामगारांना रिक्षात घालून आमच्या दारावरून पुढे तिकडे न्यायला लागले. पेशंट आमच्याकडे येऊन विचारायचे, "तुमच्याकडं टीव्हीवालं आहे का?" नाही म्हटलं की उठून जायचे. डॉक्टर खिडकीतून बघत बसायचे. तेव्हा त्यांनी मला बोलावून विचारलं, "सुनंदाबाई, तुमच्या भावावर विश्वास ठेवायचा का?"

मी काय सांगितलं ते तुला माहीत आहे.

मशीन आलं त्या आठवड्यात वांगणीकडची एक म्हातारी आली होती, विठाबाई. विहिरीवर घसरून खुबा मोडलेला. तिचं ऑपरेशन इतकं लवकर आटपलं की डॉक्टर थिएटरातून हसत बाहेर आले. त्या दिवशी तू पेढे आणलेस आणि आईला म्हणालास, "हे सगळं ताईमुळे."

तेवढं एक कळव. मशीन ठीक आहे ना? माझी काळजी करू नकोस, मी बरी आहे. आई बरी आहे.

ताई


अंबरनाथ,
३ सप्टेंबर १९९५

चंदर,

तू आला नाहीस, म्हणून डॉक्टरांनी ठाण्याहून दुसऱ्या कंपनीचा इंजिनियर बोलावला. वयस्कर माणूस, फार बोलत नाही. त्याने मागचं कव्हर काढलं आणि बराच वेळ नुसता बघत बसला. मग मला म्हणाला, "बाई, हे कोणी केलं?"

काय ते मी तुला सांगायची गरज असेल तर बरंच होईल. गरज नसेल तर फार वाईट आहे.

आत एक बझर असतो. स्विच फार वेळ दाबला गेला की तो ओरडतो, म्हणजे डॉक्टरला कळावं की आता पुरे. त्याच्या वायरी कापून टोकांना काळी टेप गुंडाळलेली होती. आमच्या मशीनला बझर आहे हेच मला ठाऊक नव्हतं. जे.जे.तल्या मशीनला होता, म्हणून मी तुला सुरुवातीलाच विचारलं होतं. तू म्हणालास, "या मॉडेलला नसतो."

मग त्याने ड्रमकडे बोट दाखवलं. ड्रम पार म्हातारा झालाय म्हणाला. त्याचं आयुष्य संपल्यावरच तो तिकडच्या हॉस्पिटलमधून निघाला असणार. डोळे गेलेल्या माणसाला दिसावं म्हणून दिवा मोठा करत न्यावा, तसं कोणीतरी आतून किरणं वाढवत नेलीत. चित्र लख्ख दिसतं, पण मध्ये ज्याचा हात आहे तो भाजतो. त्याने मीटर लावून बघितलं आणि मेन स्विच बंद करून त्यावर चिकटपट्टी लावली.

दिवाळीआधी तू काय फिरवलंस ते आता मला कळलं.

डॉक्टर तिथेच उभे होते. डावा हात पाठीमागे. इंजिनियर हात धुवायला गेल्यावर त्यांनी मला विचारलं, "सुनंदाबाई, तुम्हाला माहीत होतं?"

मी नाही म्हटलं. ते माझ्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं त्यांच्याकडे काम केलं, एक प्लेट वाया घालवली नाही, आणि ते माझ्याकडे असे बघत होते जसं औषधाच्या कपाटाशी कोणाला पकडलंय. त्यांचंही चूक नाही. ते मशीन घ्यायला तुझ्या बाजूने मीच बोलले होते.

चंदर, तुला कोणीतरी फसवलं असेल. तुला विकणाऱ्याने खोटं सांगितलं असेल. वायरी तुझ्या हाताखालच्या कोणी कापल्या असतील. असं असलं तर मला कळव, मी डॉक्टरांच्या पाया पडून सांगेन. एका ओळीचं कार्ड टाकलंस तरी चालेल.

ताई


अंबरनाथ,
२४ सप्टेंबर १९९५

चंदर,

कार्ड आलं नाही. मग मीच उल्हासनगरला गेले.

लेखराजशेठ तुला आठवत असतील. कॅम्पात त्यांचं जुन्या मशिनरीचं गोडाऊन. एक्स-रे कंपनीतली नोकरी सोडून तू धंद्यात पडलास तेव्हा पहिली ओळख त्यांचीच. मला वाटलं, तुला हा माल त्यांनीच दिला असणार. खरं सांगते, मी भांडायच्या तयारीने गेले होते. सगळा दोष त्यांचा निघावा अशी माझी फार इच्छा होती.

त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला. मी मशीनचं नाव, रंग, सगळं सांगितलं. ते मान हलवत ऐकत होते.

"तो पीस मी बघितला होता," ते म्हणाले. "बंदरातून निघाला तेव्हा आम्ही तिघे-चौघे व्यापारी गेलो होतो बघायला. कोणी हात लावला नाही. मैं बोला चंदर को, बेटा, ये भंगार है. याचे पार्ट काढून विक. पूरा मत बेच, आदमी मरेगा."

मी विचारलं, "मग त्याने का घेतला?"

"स्वस्त मिळाला म्हणून. त्या वेळी सगळ्यांना घाई होती. प्रत्येक नर्सिंग होमला सी-आर्म पाहिजे होतं, नवीन घ्यायची ऐपत कोणाची नव्हती. रंग मारा, नवीन स्टिकर लावा, सोडा. लेकिन ऐसा माल कोई इधर नहीं देता. इथे लोक ओळखतात. मी त्याला विचारलं, हे देणार कुठे? तर तो म्हणाला, अंबरनाथला चालून जाईल."

मी उठायला लागले.

लेखराजशेठनी चहाचा कप बाजूला सरकवला. बोलावं की नाही असं त्यांना झालं होतं. मग म्हणाले, "बहनजी, तुम्ही आलात म्हणून सांगतो. मी त्याला म्हटलं, वहाँ कोई तो चिल्लाएगा. कोणीतरी तक्रार करेलच. तर म्हणाला, तिथे माझी बहीण आहे. ती सांभाळून घेईल."

मी घरी कशी आले ते आठवत नाही. शिवमंदिराच्या रस्त्याला रिक्षातून उतरले, भाजी घ्यायची होती ती घेतली, घरी येऊन कुकर लावला. आई विचारत होती, काय झालं, काय झालं.

मी इतके दिवस स्वतःला समजावत होते की तू घाईत विसरलास. म्हणजे माल घ्यायच्या घाईत, विकायच्या घाईत, या मशीनजवळ आपली ताई रोज उभी राहणार हे तुझ्या डोक्यातून गेलं. विसरलेल्या माणसाला माफ करता येतं. पण तू विसरला नव्हतास. तू ते धरूनच हिशेब केला होतास.

यापुढे मी खाली ताई लिहिणार नाही.

सुनंदा


अंबरनाथ,
११ डिसेंबर १९९५

चंदर,

तू येऊन गेलास हे मला आईच्या नवीन लुगड्यावरून कळलं. मी घरी नसताना आलास, जेवलास, आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडलास म्हणे. माझी वाट बघायला तुला वेळ नव्हता.

आई मला म्हणते, "त्याच्यावर कर्ज झालंय, पोरीचं शिक्षण हाय. तू गप ऱ्हा की. डाक्टरला काय कमी हाय? बोटंच गेलीत ना, पोट तर भरतंय." मी आईला सांगितलं की हाडाच्या डॉक्टरचं पोट बोटांवरच असतं. तिला ते पटलं नाही. तिला पटवायचा मी फार प्रयत्नही केला नाही. तू चुकीचं काही करूच शकत नाहीस असं ती मानते, आणि त्या मानण्यावर ती जगते. बाबांचं नाव घेऊन, भीमरावांचा मुलगा इंजिनियर झाला, हे ती ऑर्डनन्स फॅक्टरीच्या चाळीत अजून प्रत्येकाला सांगते. मीही शिकले हे कोणी विचारलं तर सांगते.

इकडची बातमी. गुप्ते डॉक्टरांनी मला काही दिवस घरी राहायला सांगितलं. काही दिवस म्हणजे किती ते ते बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. नवीन मुलगी ठेवली आहे. डॉक्टर आता ऑपरेशन करत नाहीत, बाहेरचा सर्जन बोलावतात आणि स्वतः ओपीडीत बसतात, डावा हात टेबलाखाली. पेशंटना सांगितलंय सांधेदुखी आहे. त्यांना भीती वाटते की खरं कळलं तर लोक यायचे बंद होतील. मी त्यांना म्हटलं होतं की पोलिसात जाऊया. त्यांनी मानेनेच नाही म्हटलं. त्यातही सगळं बाहेर येईल.

मशीन टेंपोत घालून नेलं. डॉक्टर म्हणाले भंगारात दिलं.

आणि मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं की मी बरी आहे. तेव्हाही तसं नव्हतं. लहान मुलांचे हात मोडलेले असायचे, ती हलायची, त्यांना मीच धरायची. उजव्या हाताची दोन नखं गेली आहेत. भाकरी थापताना त्रास होतो. आईला वाटतं तव्याचं भाजलं. तिला तसंच वाटू दे, तुझ्यासाठी नाही, तिच्यासाठी.

सुनंदा


अंबरनाथ,
२९ मार्च १९९६

चंदर,

परवा बदलापूरला तू होतास. तरीही लिहिते, कारण तू येण्याआधी काय झालं आणि तू निघून गेल्यावर काय झालं ते तुला माहीत नाही. ते तुला माहीत असायला हवं.

महिन्यापूर्वी डॉक्टर पातकरांचा माणूस घरी आला. बदलापूरला स्टेशनच्या पूर्वेला तरुण डॉक्टर नवीन हाडांचं हॉस्पिटल काढतायत, त्यांनी भेटायला बोलावलंय, एक्स-रेची नोकरी आहे. माझं नाव कोणी दिलं तेवढं तो सांगू शकला नाही. चार महिने घरी बसलेल्या बाईला काय वाटलं असेल विचार कर. मी इस्त्रीची साडी नेसून गेले.

पातकर डॉक्टर भला माणूस आहे. बदलापुरात हाडाचं एकही चांगलं हॉस्पिटल नाही, पेशंटला कल्याण नाहीतर उल्हासनगर गाठावं लागतं, ते सगळं मला उत्साहाने सांगत होते. मग म्हणाले, "मॅडम, तुमच्या भावाने फार कौतुक केलं तुमचं. म्हणाले, मशीन मी देतो आणि ते चालवायला माझी बहीणच देतो. अंबरनाथला ती हेच मॉडेल चालवत होती."

मला आधी आनंद झाला, चंदर. हे मी लपवत नाही. मला वाटलं, त्याला पश्चात्ताप झालाय, त्याने माझ्यासाठी काहीतरी केलंय.

मग त्यांनी मला थिएटर दाखवलं. मशीन मधोमध उभं. दुधी रंग, नवीन स्टिकर, प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. मला जरा जवळून बघायचं होतं म्हणून मी ते ओढायला गेले आणि सवयीने, खाली न बघता, ब्रेक सोडायला पाय टाकला. ब्रेक जिथे असायला हवा तिथे नव्हता. माझा पाय जिथे गेला तिथे होता. आत वळलेला, वाकडा. आमच्या वॉर्डातली ट्रॉली आदळून तो वाकला होता, आणि दोन वर्षं मी तो तसाच पायाने सोडत होते.

आमचंच मशीन होतं ते. नोकरी मिळाली की याही वेळी मी सांभाळून घेईन, हा तुझा हिशेब होता.

मी पातकर डॉक्टरांना तिथल्या तिथे सगळं सांगितलं. ते ऐकता ऐकता बदलत गेले. शेवटी म्हणाले, "गुप्ते डॉक्टरांनी पाठवलंय का तुम्हाला? बदलापुरात सी-आर्म आलं तर त्यांचे इकडचे पेशंट तुटतील, ते मी समजू शकतो." मी म्हटलं, त्यांनी मला कामावरून काढलंय. ते म्हणाले, "मग तर तुमचा रागच असेल." त्यांच्या जागी मी असते तर मीही कदाचित हेच म्हटलं असतं. नव्या हॉस्पिटलसाठी बँकेचं कर्ज काढलेलं, उद्घाटनाच्या पत्रिका छापलेल्या, आणि एक अनोळखी बाई येऊन सांगते की तुमचं मशीन माणसं भाजतं.

तिथून मी सरळ गुप्ते डॉक्टरांकडे गेले. ओपीडी संपेपर्यंत बाकावर बसले. आत गेल्यावर विचारलं, "मशीन भंगारात कोणाला दिलंत?"

"आला होता एक जण. टेंपो घेऊन."

"कोणाचा माणूस होता?"

ते खिडकीकडे बघत म्हणाले, "मी विचारलं नाही."

"बदलापूरला उभं आहे ते. रंग मारून."

त्यांनी पुढ्यातले केसपेपर एकावर एक रचायला घेतले. मला त्या क्षणी त्यांचाही राग आला, तुझ्याएवढाच. त्यांना माहीत नव्हतं असं नाही, त्यांना माहीत करून घ्यायचं नव्हतं. मी म्हटलं, "डॉक्टर, तुमचा हात दाखवला तर ते विश्वास ठेवतील. माझा दाखवून उपयोग नाही, मी त्याची बहीण आहे." आणि निघून आले. ते येतील असं मला वाटलं नव्हतं.

परवा तू डेमो द्यायला येणार हे मला पातकरांच्या त्याच माणसाकडून कळलं. मी दारात पोचले तर गुप्ते डॉक्टर आधीच रिक्षातून उतरत होते. आम्ही सोबत आत आलो.

पुढचं तुझ्यासमोर झालं. तू टाय लावला होतास. मला बघून म्हणालास, "ताई, तू इथे कशी?" आणि मग डॉक्टर दिसले तेव्हा पातकरांकडे वळून म्हणालास, "सर, ये फॅमिली मॅटर है, मी बाहेर बोलून घेतो."

गुप्ते डॉक्टरांनी डावा हात खिशातून काढला आणि टेबलावर ठेवला. पहिलं बोट अर्धं कापलंय हे मलासुद्धा माहीत नव्हतं. फेब्रुवारीत मुंबईला जाऊन केलं म्हणे. पातकरांना ते म्हणाले, "हे मशीन माझ्याकडे होतं. माझी चूक ही की मी ते फोडलं नाही, विकलं."

तू काय बोललास आठवतं? "सर, सगळं मार्केट असंच चालतं. मी नसतं दिलं तर दुसऱ्या कोणी दिलं असतं. मी आतलं सगळं नवीन टाकलंय." अगदी ठाम. तुझा आवाज मी लहानपणापासून ओळखते, तरी क्षणभर मलाही वाटलं खरंच टाकलं असेल.

म्हणून मी म्हटलं, "मग डेमो दे. ड्रमखाली तुझा हात ठेव, मी स्विच दाबते."

पातकर डॉक्टर तुझ्याकडे बघत होते. काहीच अवघड नव्हतं. हात ठेवायचा, मी पाय ठेवते, टीव्हीवर तुझी बोटं दिसतील, आम्ही तिघं बघतो. तू माझ्याकडे बघितलंस. मग दोन्ही हात पँटच्या खिशात घातलेस.

त्यानंतर कोणाला काही विचारायचं राहिलं नाही. तू बॅग उचललीस. माझ्या बाजूने जाताना हळू आवाजात म्हणालास, "माझं घर उठवलंस तू." मी उत्तर दिलं नाही. आता देते. त्या मशीनच्या दोन्ही बाजूंना घरंच होती, चंदर. तुला एकच दिसत होतं.

तू गेल्यावर ठाण्याच्या त्या इंजिनियरला बोलावलं. गुप्ते डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्याने ट्यूब बाहेर काढली आणि आवारात फोडली, ड्रमही फोडला, म्हणजे तुकडे जोडून कोणाला पुन्हा उभं करता येऊ नये. आतलं तेल मातीत पसरलं. पातकर डॉक्टर डोक्याला हात लावून पायरीवर बसले होते. त्यांचं उद्घाटन आता पुढे गेलंय.

पोलिसात जायचं की नाही ते दोघे डॉक्टर ठरवतील. मला विचारलं तर मी आहे ते सांगेन, काही वाढवणार नाही, काही गाळणार नाही.

सुनंदा


बदलापूर,
१९ जानेवारी १९९७

चंदर,

आई पडली. बाजारात, मकर संक्रांतीच्या गर्दीत कोणाचातरी धक्का लागला. उजवा खुबा मोडला.

घाबरू नकोस, ऑपरेशन झालंय. पातकर डॉक्टरांकडेच केलं. मी जूनपासून इथेच कामाला आहे. त्यांनी छोटं, पण कोरं मशीन घेतलं, आपल्याकडेच बनलेलं. त्याचं चित्र परदेशीसारखं सुंदर नसतं. बझर वाजतो, आणि वाजला की सगळे थांबतात. हॉस्पिटल त्यामुळे उशिरा सुरू झालं आणि अजून धडपडतच चाललंय. शेजारच्या गल्लीतल्या एका हॉस्पिटलने आता मोठं मशीन आणलंय, ते नवीन आहे की जुनं ते मी विचारून आले. सांगत नाहीत.

आईचं हाड फार ठिसूळ होतं, तुकडे झाले होते. पातकरांना जरा दडपण आलं, म्हणून त्यांनी गुप्ते डॉक्टरांना बोलावलं. ते आले. शिशाचा एप्रन घालून पातकरांच्या मागे उभे राहिले, हात पाठीमागे बांधून. "थोडं आत घे. अजून. आता बघ," असं सांगत होते आणि त्यांनी बघ म्हटलं की मी स्विच दाबत होते. पडद्यावर आईचं हाड दिसत होतं. शेवटचा स्क्रू बसला तेव्हा गुप्ते डॉक्टरांनी नेहमीच्या सवयीने हात पुढे केले आणि परत मागे घेतले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "सुनंदाबाई, चित्र छान धरलंत." त्या घटनेनंतर ते माझ्याशी पहिल्यांदा नीट बोलले.

तुझ्याविरुद्ध त्यांनी शेवटी तक्रार दिली, ते तुला कळलंच असेल. माझा जबाब घेतला. आहे तसा दिला.

आई भुलीतून उठल्यापासून तुझं नाव घेते आहे. मला विचारते, "चंदरला कळवलंस का?" मी काल खोटंच हो म्हणाले. म्हणून आज लिहिते आहे, म्हणजे ते खोटं राहू नये. तक्रारीचं तिला काही सांगितलेलं नाही. तिच्या लेखी तू इंदूरला फार कामात आहेस.

तू ये. जनरल वॉर्ड, खिडकीजवळची खाट. भेटायची वेळ संध्याकाळी चार ते सहा. तिला मोसंबीचा रस चालतो, गोड फार देऊ नकोस. बसून बोल तिच्याशी, उभ्या उभ्या जाऊ नकोस.

माझी ड्युटी तीनला सुटते. चारच्या आत मी घरी गेलेली असेन.

सुनंदा